‘मिरग निघाला’ म्हणजे नेमके काय झाले?

जूनचा पहिला आठवडा आला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात एक वाद ठरल्या वेळी उगवतो. पंचांगातल्या पर्जन्यविचाराच्या पानांची छायाचित्रे फोनवरून गावभर फिरू लागतात: मृगाचे वाहन कोल्हा, सबब पाऊस कमी, आर्द्रेचे वाहन म्हैस, सबब पाऊस भरपूर, आणि खाली ठसक्यात जोडलेले वाक्य की, आकाशात उपग्रह सोडूनही हवामान खात्याला जे कळत नाही ते आपल्या पूर्वजांना हजारो वर्षांपूर्वी कळत होते. त्याला तितक्याच ठसक्यात उत्तर येते की, नक्षत्रबिक्षत्र हे सगळे थोतांड आहे, शेकडो प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्यांचा आणि खानापूरच्या भाताचा काडीचा संबंध नाही, आणि ‘मृगाचा पाऊस’ असे म्हणणेसुद्धा आता बंद झाले पाहिजे. दोन्ही बाजू एकमेकींना मूर्ख ठरवून पंधरा दिवसांत थकतात, पाऊस त्याच्या सवडीने येतो, आणि पुढच्या जूनला तोच फड पुन्हा रंगतो.

ज्या शब्दावरून हा वाद चालतो त्याचा अर्थ शेतकऱ्याला विचारण्याची तसदी मात्र दोघेही घेत नाहीत. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. ‘मिरग निघाला’ असे आमच्याकडचा शेतकरी म्हणतो तेव्हा तो एक तारीख सांगत असतो. पावसाची नक्षत्रे ही सूर्याच्या वार्षिक वाटचालीवर बेतलेली, साडेतेरा दिवसांच्या तुकड्यांची दिनदर्शिका आहे. दिनदर्शिका म्हणून ती आजही कामाची आहे आणि भविष्य म्हणून ती कधीच कामाची नव्हती. पंचांगाचे अभिमानी तिच्यावर न पेलणारा भार टाकतात. त्यांचे विरोधक तो भार पाहून दिनदर्शिकाच फेकून द्यायला निघतात.

गोंधळाचे मूळ असे की, ‘नक्षत्र’ या एकाच शब्दाखाली मराठीत निदान चार गोष्टी नांदतात. आकाशात डोळ्यांना दिसणारा तारकांचा पुंज हे एक नक्षत्र. चंद्र ज्या विभागात असेल ते ‘आजचे नक्षत्र’ हे दुसरे. ते साधारण रोज बदलते. जन्मवेळी चंद्र जिथे होता ते जन्मनक्षत्र हे तिसरे, आणि पत्रिका, गुणमेलन, मुहूर्त हा सगळा कारभार त्याच्यावर चालतो. सूर्य ज्या विभागात असतो ते पावसाचे नक्षत्र हे चौथे. वर्तुळाच्या 360 अंशांचे 27 समान भाग केले की एकेक भाग 13 अंश 20 कलांचा होतो, आणि सूर्य दिवसाला सुमारे एक अंश सरकत असल्यामुळे तो एका भागात तेरा-चौदा दिवस राहतो. रोहिणी 25 मेच्या आसपास, मृग 7 किंवा 8 जूनला, आर्द्रा 21-22 जूनला, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, आणि असे करत ऑक्टोबरच्या अखेरीस स्वाती. तिसऱ्या अर्थाचा राग चौथ्यावर काढायचा, किंवा चौथ्याची उपयुक्तता दाखवून तिसऱ्याला प्रतिष्ठा मिळवून द्यायची, हाच या वादातला नित्याचा हातचलाखीचा प्रकार आहे.

पहिल्या आणि चौथ्या अर्थातले अंतर तर गमतीचे आहे. मृग लागला म्हणजे मृगाचे तारे आकाशात दिसू लागले, असे समजणारे सुशिक्षित लोक मला पुष्कळ भेटतात. खरी स्थिती नेमकी उलट आहे. सूर्य त्या बाजूला असल्यामुळे जूनमध्ये मृगाचे तारे दिवसाच्या उजेडात बुडालेले असतात. ते दिमाखाने मिरवतात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री, खानापूरकडे भात झोडून झालेले असते तेव्हा. शिवाय शाळेत ‘मृग’ म्हणून जो मोठा आकार दाखवतात त्याच्या खांद्यावरची तांबूस काक्षी ही परंपरेने आर्द्रेची तारका मानली जाते, आणि मृगशीर्ष म्हणजे त्यावरचा लहानसा त्रिकोण. तेव्हा मिरगाच्या पेरणीला तारे बघण्याची गरज कधीच नव्हती. सूर्य कुठवर आला आहे याचा हिशेब तेवढा लागत होता.

हा हिशेब लागत होता, कारण आपले महिने शेतीला पुरेसे नव्हते. चैत्र-वैशाख हे महिने चंद्रावर चालतात, आणि चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे अधिकमासाची भर घालून ते सावरावे लागते. परिणामी गुढीपाडवा 2023 साली 22 मार्चला येतो आणि 2024 साली 9 एप्रिलला. पाऊस मात्र सूर्यावर चालतो; जमीन तापणे, वारे फिरणे यांना तिथीशी देणेघेणे नाही. ज्या काळी इंग्रजी कॅलेंडर भिंतीवर नव्हते त्या काळी, तिथी अठरा-वीस दिवस मागेपुढे होत असताना, ‘पेरणीचा नेमका पंधरवडा कोणता’ हे शेतकऱ्याने कशाच्या आधारे ठरवायचे होते? सूर्यनक्षत्रांनी हा प्रश्न सोडवला. दरवर्षी त्याच ऋतूत, एखाद्या दिवसाच्या फरकाने, तेच नाव. एकाच पंचांगात चांद्र तिथी सणासाठी आणि सौर नक्षत्र शेतासाठी, अशी ही वाटणी होती. तिला थोतांड म्हणणाऱ्याने 7 जूनलाही थोतांड म्हणावे लागेल.

आता विरोधकांची सर्वांत बळकट बाजू मान्य केली पाहिजे, आणि ती खरोखर बळकट आहे. हा शब्द समाजात एकटा फिरत नाही. मूळ नक्षत्रावर जन्मली म्हणून मुलीचे लग्न अडते, ‘नक्षत्र चांगले नाही’ म्हणून दवाखान्याला निघालेली माणसे थांबतात. ज्या शब्दाने इतके नुकसान केले त्याला शेताच्या बांधावरून तरी मोकाट का सोडावे, असा प्रश्न कोणी विचारला तर तो चुकीचा नाही. शेतातही नुकसान होतेच. ‘मिरग साधला पाहिजे’ या धाकाने, ट्रॅक्टर किंवा बैलजोडी पुन्हा मिळेल न मिळेल या भीतीने, चार सरी पडताच सोयाबीन जमिनीत जाते, मग दहा दिवस उघडीप होते आणि दुबार पेरणीचे संकट उभे राहते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नका, असे कृषी खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे, आणि त्या सल्ल्यापुढे मिरगाचा मुहूर्त गाठण्याची घाई ही उघड चूक आहे. 2023 साली मान्सून केरळातच 8 जूनला पोहोचला, म्हणजे मिरग निघाला तेव्हा पाऊस अजून आपल्या दारापासून फार लांब होता. 2025 साली तो 24 मेला केरळात आला आणि दोन दिवसांत मुंबईपर्यंत धडकला, रोहिणी लागते न लागते तोच. अशा वर्षांत नक्षत्र धरून बसणाऱ्याचे काय होते, हे सांगायला नको.

पण या दाखल्यांनी नेमके काय सिद्ध होते? एवढेच की, तारीख पाऊस आणत नाही. केरळात मान्सून येण्याची सर्वसाधारण तारीख म्हणून हवामान खाते 1 जून देते. 2009, 2023 आणि 2025 साली ती हुकली, म्हणून कोणी 1 जून या तारखेला अंधश्रद्धा म्हटले नाही. सरासरी ही अनेक वर्षांची असते आणि पाऊस एका वर्षाचा असतो. नक्षत्राच्या नावावरच आक्षेप असेल, तर शनिवार या शब्दाचे काय करायचे? शनीला तेल वाहणारा आणि न वाहणारा दोघेही शनिवारच्या बाजाराला शनिवारीच जातात. नावात जुना देव किंवा जुना तारा राहिला म्हणून ते वापरणारा त्याचा भक्त होत नाही. मूळ नक्षत्राच्या नावाने होणारा छळ थांबवायचा असेल तर त्याच्याशी थेट भांडावे लागते. मिरगाची पेरणी हा शब्द पुसल्याने त्या मुलीची सुटका होणार नाही.

आता पंचांगाच्या अभिमान्यांकडे वळू. त्यांचाही एक मुद्दा मला मनापासून मान्य आहे: नक्षत्रांभोवतीच्या म्हणींत पिढ्यांचे निरीक्षण साठलेले आहे. ‘पडतील स्वाती, तर पिकतील माणिक मोती’ ही म्हण घ्या. अथणी-रायबागकडच्या शाळूच्या रानाला ऑक्टोबरअखेरच्या एका पावसाची किंमत काय असते, हे ज्याने पाहिले आहे त्याला तिच्यात अतिशयोक्ती वाटणार नाही. तोच स्वातीचा पाऊस खानापूरच्या कापणीला आलेल्या भातावर पडला तर लोंब्या जमिनीला टेकतात आणि माणिक-मोत्यांना कोंब फुटतात. म्हण शाळूच्या मुलखात जन्मली असणार, भाताच्या मुलखात ती उसनी आलेली आहे. कानडी शेतकऱ्याची म्हण आहे, ‘रोहिणी मळे बंदरे ओणियेल्ला जोळ’, म्हणजे रोहिणीचा पाऊस आला तर गल्लीभर जोंधळा. आणि बेळगावच्या आसपास, जिथे रोहिणीत कोरड्या मातीत भाताची धूळवाफ पेरणी करतात, तिथे त्याच पंधरवड्यात पाऊस लागून राहिला तर वाफसा मिळत नाही आणि पेरणीच अडते. म्हणी प्रदेश ओळखतात, पीक ओळखतात. हे ज्ञान टाकाऊ नाही.

मात्र या म्हणींची वाक्यरचना एकदा नीट पाहा. ‘पडतील स्वाती, तर’. ‘बंदरे’, म्हणजे आला तर. मराठीत काय आणि कानडीत काय, पाऊस पडेल असे यांतली एकही म्हण सांगत नाही. पडला तर काय होईल, तेवढेच ती सांगते. अनुभवाने शहाणा झालेला माणूस अट घालून बोलतो, आणि या म्हणींचे सारे मोल त्या ‘तर’मध्ये आहे. फोनवर फिरणाऱ्या पर्जन्यविचाराने तो ‘तर’ गाळून टाकला आहे. त्याने शेतकऱ्याच्या अनुभवाचे वजन घेतले आणि ते एका बेरीज-भागाकाराला चिकटवले.

हा भागाकार कसा असतो तेही सांगितले पाहिजे, कारण वाहनांवर विश्वास ठेवणाऱ्या बहुतेकांना तो ठाऊक नसतो. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो त्या क्षणी चंद्र कुठे आहे ते पाहायचे, सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजायचे, आलेल्या संख्येला 9 ने भागायचे आणि उरेल त्या बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती यांपैकी एक प्राणी निवडायचा. यात समुद्राचे तापमान नाही, वाऱ्याची दिशा नाही, गेल्या वर्षीचा पाऊसही नाही. गावाचे नावसुद्धा नाही. मलप्रभा जिथे उगम पावते त्या कणकुंबीला सह्याद्रीच्या माथ्यावर वर्षाकाठी काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्यातल्या अथणीला पाच-सहाशेवर समाधान मानावे लागते. दोन्हीकडे वाहन मात्र तोच कोल्हा. ज्या गणिताला घाटमाथा आणि माळ यांतला भेद कळत नाही, ते पूर्वजांच्या निरीक्षणातून आले आहे असे म्हणणे हा निरीक्षण करणाऱ्या पूर्वजांचाच अपमान आहे.

त्याहून अडचणीचा प्रश्न पुढे आहे. कोणते मृग? नक्षत्रचक्राची सुरुवात कुठून धरायची यावर गेल्या शतकात महाराष्ट्रात मोठे भांडण झाले. लोकमान्य टिळकांनी रेवतीची तारका आधार मानणारा पक्ष उचलून धरला. विजापूर-बागलकोटकडे आयुष्य घालवलेल्या व्यंकटेश बापूजी केतकरांनी चित्रा तारका आधार मानणाऱ्या चित्रापक्षाचा पुरस्कार केला. या सीमाभागाच्या शेजारी, शिक्षकाची नोकरी करत, ग्रहगणिताचे संस्कृत ग्रंथ रचणारा हा माणूस आमच्याकडे जवळजवळ विसरला गेला आहे, ही जाता जाता नोंदवण्याची खंत. दोन्ही पक्षांच्या आरंभस्थानांत सुमारे 4 अंशांचा फरक आहे, त्यामुळे टिळक पंचांगात सूर्य चित्रापक्षाच्या पंचांगापेक्षा चारेक दिवस आधी मृगात शिरतो. चार दिवसांत चंद्र साधारण चार नक्षत्रे ओलांडतो. साहजिकच बाकी बदलते आणि वाहनही बदलते. म्हणजे एका पंचांगात मृग कोल्ह्यावर बसून येतो तेव्हा दुसऱ्यात तो भलत्याच प्राण्यावर असतो. ढगांनी कोणाचे पंचांग विकत घेतले आहे? तारीख म्हणून पाहिले तर चार दिवसांच्या या फरकाने काही बिघडत नाही, कारण पेरणीचा पंधरवडा तेवढा लवचीक असतोच. भाकीत म्हणून पाहिले तर सारी इमारत कोसळते.

माझ्या स्वतःच्या भूमिकेवर येऊ शकणारा सर्वांत कठीण आक्षेप यानंतरचा आहे, आणि तो खगोलशास्त्राचा आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलत असल्यामुळे संपातबिंदू, म्हणजे दिवस आणि रात्र समान असतात तेव्हाचे सूर्याचे स्थान, ताऱ्यांच्या तुलनेत सुमारे 72 वर्षांत एक अंश मागे सरकतो. ऋतू संपाताला बांधलेले आहेत आणि आपली नक्षत्रे ताऱ्यांना. त्यामुळे दर 72 वर्षांनी पावसाचे नक्षत्र ऋतूच्या मानाने एक दिवस उशिरा लागते. शिवकाळात मृग आजच्या तारखांच्या हिशेबाने 2-3 जूनच्या सुमारास लागत असणार, आणि सतराशे वर्षांपूर्वी तो मेच्या मध्यावरच लागत होता. त्या काळी जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आगेमागे सूर्य पुनर्वसूत शिरत असे. मग मृग म्हणजे पेरणी ही सनातन सांगड कुठे राहिली? आणि हजारेक वर्षांनी ही सांगड एका संपूर्ण नक्षत्राने चुकणार असेल, तर अशी दिनदर्शिका जपायची तरी कशाला?

या आक्षेपाला उत्तर देणारा माणूस आपल्याच परंपरेत दीड हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत लिहून ठेवले आहे की, पूर्वीच्या शास्त्रांनुसार दक्षिणायन आश्लेषेच्या मध्यापासून आणि उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभापासून होत असे. सांप्रत ते कर्क आणि मकर यांच्या आरंभी होते. आणि फरक आढळला तर प्रत्यक्ष पाहून खात्री करावी. शास्त्रात लिहिले म्हणून आकाशाला चूक ठरवण्याचा मोह त्याला झाला नाही, आणि आकाश बदलले म्हणून आश्लेषा हे नाव टाकून देण्याचीही गरज वाटली नाही. युरोपातही 1582 साली, वसंतसंपात सरकल्याचे ध्यानात आल्यावर, पोप ग्रेगरीने 10 दिवस गाळून कॅलेंडर दुरुस्त केले. महिन्यांची नावे रोमन काळातली होती तीच राहिली. दिनदर्शिका झिजते आणि ती दुरुस्त करता येते. आमच्या शेतकऱ्यांनीही बहुधा तेच केले असणार, गाजावाजा न करता: पुनर्वसूला जे काम होत होते ते शतकांमागून आर्द्रेला आणि मग मृगाला आले, आणि म्हणीही नव्या नावांनी रुळल्या. सरकण्याचा वेग पिढीला अर्ध्या दिवसाहूनही कमी आहे. तेवढ्याने कोणाची पेरणी चुकत नाही.

शब्द पुसून नवा बसवण्याचा प्रयोग आपण करून पाहिलेला आहे, हेही विसरू नये. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 1955 साली अहवाल दिला, त्यावरून 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय सौर दिनदर्शिका लागू झाली. शास्त्रीयदृष्ट्या ती निर्दोष आहे: महिने ऋतूंशी बांधलेले, वर्षारंभ वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी. आज सरकारी राजपत्र आणि आकाशवाणी यांच्या बाहेर तिची तारीख सांगू शकणारी किती माणसे येळ्ळूरच्या किंवा जांबोटीच्या शिवारात सापडतील? तिचे महिने चैत्र-वैशाखच होते, तरी ती कामाला जोडली गेली नाही. मिरग जोडला गेला आहे, कारण त्या नावावर कुरी बाहेर निघते, बांधावर कोंबड्याची राखण दिली जाते, उधारी मागितली जाते आणि गडी ठरवला जातो. आठवणसुद्धा त्याच नावावर लावली जाते. 2019 चा महापूर इंग्रजी तारखेने विचारला तर म्हातारी माणसे घुटमळतात. ‘आसळकात’ म्हटले की लगेच मान हलते, आणि ते अचूकही आहे, कारण ऑगस्टचा तो पहिला पंधरवडा आश्लेषाचाच होता.

सीमाभागात या शब्दाचा आणखी एक उपयोग आहे आणि त्याच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. इथे दुकानाच्या पाटीवरच्या अक्षरांवरून भांडणे होतात, सरकारी परिपत्रक कोणत्या भाषेत हवे यावरून मोर्चे निघतात, आणि मराठी शेतकऱ्याच्या हाती पडणारा शेतीचा सल्ला बहुधा कानडीत असतो. पावसाच्या नक्षत्रांची नावे मात्र दोन्ही भाषांना समान आहेत. मराठी शेतकरी रोहिणीचा पाऊस म्हणतो, कानडी शेतकरी ‘रोहिणी मळे’ म्हणतो. पलीकडे तेलुगू मुलखात याच सूर्यनक्षत्राला ‘कार्ते’ म्हणतात आणि तिथेही पेरणीचे बोलणे त्याच नावांनी चालते. दोन भाषांच्या शेतकऱ्यांना एकच पत्रक वाचता यावे असे वाटत असेल, तर तारखांची ही नावे आयती तयार आहेत.

ती वापरावीत कशी, हेही अवघड नाही. कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या पातळीपर्यंत पर्जन्यमापक बसवलेले आहेत आणि ‘वरुणमित्र’ या दूरध्वनी सेवेवर पावसाची माहिती विचारता येते. त्याच आकड्यांची मांडणी नक्षत्रवार करावी: आपल्या गावात रोहिणीत किती मिलिमीटर झाला, मृगात किती झाला, मागच्या दहा वर्षांत त्याच नक्षत्रात सरासरी किती होता, आणि पेरणीला लागणाऱ्या 75-100 मिलिमीटरपैकी अजून किती उरला. मृगाचा आरंभ राष्ट्रीय पंचांगाप्रमाणे धरावा, म्हणजे रेवती की चित्रा हा प्रश्न उरत नाही. मजकूर मराठी आणि कानडीत शेजारी शेजारी छापावा आणि इंग्रजी तारीख दोन्हीकडे द्यावी. अशा पत्रकात ‘मृग: आजवर 38 मिलिमीटर, थांबा’ एवढे लिहिलेले असले, तर मिरग साधण्याची घाई करणाऱ्या माणसाला त्याच्याच शब्दात थांबवता येते, ‘नक्षत्र ही अंधश्रद्धा आहे’ असे ऐकवून तो आजवर थांबलेला नाही. वाहनांचा रकाना मात्र त्यात नसावा. ज्याला तो हवा असेल त्याने आधी दोन पक्षांची दोन पंचांगे शेजारी ठेवावीत आणि पाऊस यंदा कोणत्या जनावरावर बसून येणार ते त्यांच्याकडून एकमताने लिहून घ्यावे.